लिनन म्हणजे नेमकं काय, आणि ते चुरगळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “‘बेड लिनन’ असं लिहिलेली चादर घेतली, ती सुती निघाली. शर्टासाठी ‘लिनन फिनिश’चं कापड घेतलं, त्याच्या किनारीवर पॉलिएस्टर छापलेलं आहे. मग खरं लिनन कशाला म्हणायचं? ते तागापासून होतं का? इतकं चुरगळतं का? आणि चुरगळणारच असेल तर ते वापरायचं कुठे?”

कापड निवडणं, बेतणं आणि शिवणं यात माझी पंचवीसेक वर्षं गेली आहेत आणि त्यातला मोठा भाग लिननवर काम करण्यात गेला. हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्यासमोर सतत येतो. गोंधळ विचारणाऱ्याचा नाही. एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातोय, म्हणून तो होतो.

पहिला अर्थ मूळचा आहे. जवसाच्या झाडाच्या खोडातून निघणारा तंतू, त्याचं सूत आणि त्या सुताचं कापड. मी लिनन म्हणतो ते एवढ्यालाच. दुसरा अर्थ घरातल्या कापडांचा: चादरी, अभ्रे, टेबलक्लॉथ, नॅपकिन, टॉवेल. युरोपात शतकानुशतकं ही सगळी कापडं जवसाच्याच सुताची असत, त्यामुळे त्या सगळ्यांना मिळून लिनन हे नाव पडलं. पुढे कापूस स्वस्त झाला, गिरण्या आल्या, कापड बदललं आणि नाव मात्र चिकटून राहिलं. इस्पितळात किंवा हॉटेलात ‘लिनन बदललं का’ असं विचारतात तेव्हा ते कशाचं आहे हा प्रश्नच नसतो. त्यामुळे बेड लिनन म्हणून सुती चादर देणाऱ्याने तुम्हाला फसवलेलं नाही. तिसरा अर्थ नुसत्या दिसण्याचा. लिनन फिनिश, लिनन लुक, लिनन टेक्स्चर. इथे कोणत्याही धाग्यात मुद्दाम जाडे-बारीकपणा आणून लिननचा भास निर्माण केलेला असतो. कागदाला आणि भिंतीच्या टाइलनाही ‘लिनन’ म्हणतात ते याच अर्थाने. या तिसऱ्या अर्थापासून मात्र जपून राहावं. किनारीवरचं मोठं नाव न वाचता लेबलवरची टक्केवारी वाचा. तिथे ‘लिनन’ किंवा ‘फ्लॅक्स’ (जवसाचं इंग्रजी नाव) यापुढे जो आकडा असेल, तेवढंच लिनन त्यात आहे.

शब्दाचा असा प्रवास नवा नाही. संस्कृतात जवसाला अतसी, उमा, क्षुमा अशी नावं आहेत आणि क्षुमेपासून झालेलं वस्त्र ते क्षौम. पण आज कोशात क्षौम उघडून पाहिलंत तर ‘रेशमी वस्त्र’ हाही अर्थ सापडतो. तलम, उंची कापड म्हणजे क्षौम, एवढंच लक्षात राहिलं आणि झाड विसरलं गेलं. जवसाचं लॅटिन नाव ‘लिनम’, त्याचं वेगळंच झालं: त्या शब्दाला फांद्या फुटत गेल्या. जवसाच्या सुताची दोरी ती ‘लिनिया’, आणि सुताने आखलेली सरळ रेघ म्हणजे आपली रोजची ‘लाइन’. आत लावायचं अस्तर लिननचं असे, म्हणून अस्तराला ‘लायनिंग’. जवसाचं तेल ते ‘लिनसीड’, आणि त्या तेलापासून केलेलं जमिनीचं आच्छादन ते ‘लिनोलियम’.

आता तागाचं. नाही, लिनन तागापासून होत नाही, पण तुमची शंका अगदी निराधारही नाही. ताग, अंबाडी, भांग, रॅमी आणि जवस ही एकाच भावकीतली मंडळी आहेत. सगळ्यांचा तंतू खोडाच्या सालीतून निघतो. कापसाचा तंतू बोंडातल्या बीवर उगवतो, हा मोठा फरक. तागात लाकडी अंश जास्त म्हणून तो राठ, लवकर पिवळा पडणारा आणि ओला झाल्यावर कमजोर होणारा. जवसाच्या तंतूचं नेमकं उलट आहे: तो ओला झाला की कोरड्यापेक्षा साधारण वीस टक्के जास्त मजबूत होतो. पुढे धुण्याबद्दल लिहिलंय तिथे हे लक्षात ठेवा.

जवस म्हटल्यावर तेलबियांचंच झाड आठवतं. झाड तेच, शास्त्रीय नावही तेच, ‘लिनम युसिटॅटिसिमम’, म्हणजे अत्यंत उपयोगी लिनम. पण तेलाचे वाण बुटके आणि फांद्या फुटणारे. सुताचे वाण जवळजवळ मीटरभर उंच आणि सरळसोट. त्यांची पेरणी मुद्दाम दाट करतात, म्हणजे झाडाला फांद्या पसरायला जागाच उरत नाही. पेरणीपासून शंभरेक दिवसांत पीक तयार होतं. ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण तंतू खोडाच्या तळापर्यंत गेलेला असतो आणि कापलं तर लांबी वाया जाते.

त्यानंतरची पायरी लिननचं भवितव्य ठरवते. उपटलेलं पीक शेतातच ओळीने पसरून काही आठवडे ठेवतात. रात्रीचं दव, दिवसाचं ऊन आणि बुरशी यांच्यामुळे तंतू आणि लाकूड यांना जोडून ठेवणारं पेक्टिन कुजतं. कमी कुजलं तर लाकूड सुटत नाही, जास्त कुजलं तर तंतूच खिळखिळा होतो. एका वर्षी पाऊस जास्त पडला की त्या वर्षीच्या सुतात ते दिसतं. फ्रान्सचा उत्तर किनारा, बेल्जियम आणि नेदरलँड्स हा पट्टा आजही उत्तम जवसासाठी ओळखला जातो तो याच ऊन-दवाच्या ये-जामुळे. रंगवण्याआधीच्या लिननचा करडा-भुरा रंगसुद्धा या कुजवण्यातूनच येतो. मग खोड चेचून लाकूड झाडतात आणि पोलादी दातांच्या फण्यांतून तंतू विंचरतात. विंचरून उरलेला लांब, चमकदार झुपका एकीकडे, आणि गळून पडलेला आखूड गुंता, ज्याला ‘टो’ म्हणतात, तो दुसरीकडे. लांब तंतूचं सूत गुळगुळीत आणि मजबूत, टोचं सूत खरबरीत आणि जाडं. दोन्ही शंभर टक्के लिननच. एकाच लेबलखालची दोन कापडं हाताला इतकी वेगळी का लागतात, त्याचं हे पहिलं कारण.

बारीक सूत कातायचं असेल तर तंतूचा पेळू गरम पाण्यातून नेतात. उरलंसुरलं पेक्टिन मऊ पडतं, तंतू एकमेकांवरून सरकतात आणि सूत तलम होतं. नेपोलियनने १८१० मध्ये जवसाचं सूत कातणाऱ्या यंत्रासाठी दहा लाख फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं होतं. फिलिप द जिरार या फ्रेंच संशोधकाने त्याच वर्षी ओल्या कताईचं यंत्र साधलं, पण बक्षीस त्याच्या हाती कधी पडलं नाही. पोलंडमधलं झिरार्डोव हे कापडगिरण्यांचं गाव त्याच्या नावावरून ओळखलं जातं.

आता चुरगळण्याकडे येऊ, कारण खरी तक्रार तीच असते.

जवसाच्या तंतूत सेल्युलोजच्या रेणूंच्या साखळ्या लांबीच्या दिशेने जवळजवळ समांतर आणि दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्यामुळे तो ताणाला खूप मजबूत, पण त्यात लवचीकपणा जवळजवळ नाही. ताणलं तर तो दोनेक टक्के लांबतो आणि तुटतो. कापूस सहा-सात टक्क्यांपर्यंत जातो, कारण कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा असतो आणि आधी पीळ सुटतो. लिनन दुमडलं की साखळ्या जागच्या सरकतात, नव्या जागी एकमेकींना धरतात आणि तिथेच बसतात. तीच घडी. तिला परत ओढून आणणारी स्प्रिंग त्या तंतूत नाहीच.

पण हाच ताठपणा लिननचे सगळे गुण देतो. कापड अंगाला चिकटत नाही, थोडं उभं राहतं, मधून वारा खेळतो. तंतू उष्णता पटकन वाहून नेतो म्हणून हात लावताच गार लागतं. ओल शोषून घेण्याची ताकद कापसापेक्षा जास्त: हवेतल्या ओलाव्याची व्यापारात धरलेली प्रमाण टक्केवारी लिननला १२, कापसाला ८.५. आणि शोषलेली ओल ते सोडतंही लवकर. तंतू लांब आणि गुळगुळीत म्हणून लव निघत नाही, गोळे येत नाहीत, चमक टिकते. गुण आणि दोष एकाच पोटचे आहेत. न चुरगळणारं लिनन हवं म्हणून त्याला रसायनाचा लेप देतात, तेव्हा चुरगळणं कमी होतं खरं, पण त्याबरोबर ताकद आणि ओल पिण्याची क्षमताही घटते. मी गिऱ्हाइकाला तसलं कापड सुचवत नाही. जे हवं म्हणून लिनन घेतलं, तेच त्यातून काढून टाकायचं, हे मला पटत नाही.

एक प्रसंग सांगतो. दीडेक वर्ष वापरलेली लिननची एक पँट माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. गुडघे, बैठक, शिवणी सगळं नव्यासारखं. फक्त पुढच्या क्रीजच्या रेघेवर, मांडीपासून गुडघ्याखालपर्यंत, बारीक केस कापल्यासारखी धाग्यांची टोकं उभी होती. भिंगाखाली पाहिलं तर आडवे धागे एकामागून एक, अगदी रेघ आखल्यासारखे तुटलेले. विचारल्यावर कळलं की दर धुण्यानंतर कोरड्या कापडावर, कडक तापलेल्या इस्त्रीने, नेमकी त्याच जागी क्रीज बसवली जात होती. लिनन ओढून फाटत नाही. ते एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा दुमडून मोडतं. तेव्हापासून लिननच्या पँटला धारदार क्रीज नको, असं मी बेतायच्या आधीच सांगतो. कॉलर आणि कफ यांच्या कडांवरही इस्त्री हलकीच फिरवावी. टेबलक्लॉथ आणि चादरींची घडी दरवेळी वेगळ्या जागी घालावी, जमलं तर नळीवर गुंडाळून ठेवावी.

सुरकुत्या घालवायच्या तर पाणी हेच औषध आहे. ओल साखळ्यांची ती पकड सैल करते. म्हणून लिननला इस्त्री करायची ती ओलसर असतानाच, जास्त तापमानावर, आणि आधी उलट्या बाजूने. नाहीतर गडद रंगावर चकाकी येते. घाई असेल तर शर्ट हँगरला लावा, बारीक पाणी फवारा, तळव्याने खाली ओढा आणि अर्धा तास तसाच सोडा. धारदार चुण्या जातात, मऊ लाटा राहतात, आणि लिनन तसंच शोभतं.

खरं लिनन ओळखायची माझी पद्धत साधी आहे. कापडाच्या कडेचा एक धागा ओढून काढा, बोटभर लांब. त्याचा पीळ उलगडा. लिननचे तंतू लांब, सरळ आणि ताठ दिसतात. मग दोन्ही हातांनी हिसका देऊन धागा तोडा. कापसाचं तुटलेलं टोक मऊ ब्रशसारखं फुलतं. लिननचं टोक ताठ, टोकदार, कमीजास्त लांबीच्या तंतूंचं. उभा आणि आडवा दोन्ही धागे तपासा, कारण पुष्कळदा एक कापसाचा आणि दुसरा लिननचा असतो. दुसरं, कापडाचा कोपरा मुठीत दहा सेकंद घट्ट धरा. लिननवर धारदार घड्या राहतात, पॉलिएस्टर बरंचसं सावरतं. जाळून पाहण्याची परीक्षा फक्त पॉलिएस्टरसारखा कृत्रिम धागा पकडण्यापुरती कामाची: तो वितळून टणक मणी होतो. कापूस आणि लिनन दोन्ही कागदासारखे जळतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक तिथे कळणार नाही.

धाग्यातल्या जाड गाठींवर मात्र भरवसा ठेवू नका. ‘गाठी दिसतात म्हणजे अस्सल’ हा समज नकली मालानेच पसरवलेला आहे. उत्तम, लांब तंतूच्या ओल्या कताईच्या लिननमध्ये गाठी अगदी थोड्या असतात. नकली कापडात त्या मुद्दाम घातलेल्या असतात आणि बऱ्याचदा ठरावीक अंतराने परत परत येतात. वीतभर कापड उजेडात धरून पाहिलं तर ती लय डोळ्याला सापडते.

खरेदीत सुताचा नंबर विचारला तर ‘६० लिया’, ‘४० लिया’ असं उत्तर मिळेल. लिया हे लिननचं माप: एका पौंड सुताची लांबी किती गुणिले ३०० यार्ड, ते. कापसाच्या मापात हाच आकडा ८४० यार्डांचा असतो. म्हणजे लिननचा ६० नंबर हा कापसाच्या साधारण २१ नंबरच्या जाडीचा. कापसाची सवय असलेला माणूस ६० ऐकून फार तलम कापड समजतो आणि फसतो. त्यापेक्षा वजन विचारा. शर्टाला चौरस मीटरला १२० ते १५० ग्रॅम, पँटला १८० ते २२०, पडदे आणि सोफ्याला त्याहून जड. चादरीसाठी १६० ते १८० ग्रॅम छान पडतं. सुती चादरीसारखा ‘थ्रेड काउंट’, म्हणजे चौरस इंचातल्या धाग्यांचा आकडा, इथे लावू नका. लिननचं सूत जाड असतं, आकडा लहानच येणार, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मिश्र कापडाबद्दल दोन शब्द. कापूस-लिनन मला आवडतं; चुरगळणं थोडं कमी, किंमत आवाक्यात. पण त्यातलं लिनन बहुधा टो तोडून कापसाच्या लांबीचं केलेलं असतं, म्हणजे कापसाच्या यंत्रावर ते कातता येतं. त्यामुळे ५५ टक्के लिनन म्हणजे लिननचे ५५ टक्के गुण, असा हिशेब नसतो. व्हिस्कोस-लिनन अंगावर सुंदर पडतं, पण व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) ओलं असताना कमजोर असतं, ते धुताना सांभाळावं लागतं. पॉलिएस्टर-लिनन मी टाळतो.

शिवणाऱ्यांसाठी: कापड आधी भिजवा. मी सुरुवातीच्या दिवसांत एका कुर्त्याचं कापड न भिजवता बेतलं होतं आणि पहिल्याच धुण्यात बाही अंगठाभर आखूड झाली, ती शिकवण पुरली. न धुतलेलं लिनन तीन ते पाच टक्के सहज आटतं, सैल विणीचं त्याहून जास्त. भिजवून, न पिळता, सावलीत अर्धवट वाळवून, ओलसर असतानाच इस्त्री करा आणि मगच बेता. लिननच्या कडा भराभर उसवतात, म्हणून शिवणीत माया नेहमीपेक्षा जास्त ठेवा, निदान दीड सेंटिमीटर, आणि कच्ची कड आत दाबून दुहेरी शिवण घाला. मापात सैलपणाही ठेवा. तंतू लांबत नाही, त्यामुळे घट्ट कपड्यात बसल्यावर ताण थेट शिवणीवर येतो आणि तिथले धागे सरकतात.

धुणं सोपं आहे. चाळीस अंशांपर्यंतचं पाणी, साधी पावडर, यंत्र कमी भरलेलं. ओलं असताना ते जास्त मजबूत असतं, धुण्याला घाबरायचं कारण नाही; फक्त पिळू नका, कारण पिळाच्या घड्या हट्टी असतात. सॉफ्टनर घालू नका. तो तंतूवर थर देतो आणि ओल पिणं मंदावतं. मऊपणा धुण्यागणिक आपोआप येतो, पहिल्या आठ-दहा धुण्यांत तर स्पष्ट कळतो. कडक खळही नको. खळ दिलेली घडी लवकर मोडते. पांढऱ्या लिननला ऊन चालतं, पूर्वी ते गवतावर पसरून उन्हातच शुभ्र करत. रंगीत सावलीत.

वापरायचं कुठे, तर माझा क्रम असा: आधी चादरी आणि अभ्रे, मग काच पुसायची फडकी, मग सैल शर्ट, मग पडदे. काचेवर लव राहत नाही म्हणून ग्लास पुसायला याच्या तोडीचं दुसरं कापड माझ्या पाहण्यात नाही. अंगाबरोबर घट्ट बसणाऱ्या कपड्यांना, किंवा दिवसभर बसून राहून शेवटी कडक दिसायचं असेल त्या सुटाला ते घेऊ नका.

कपड्यांपलीकडचे त्याचे उपयोग ऐकले की या तंतूचा स्वभाव जास्त कळतो. पाण्याने फुगून विणीची छिद्रं बुजतात, म्हणून अग्निशमनाच्या पाइपांसाठी ते वापरलं गेलं. ताणलं तर ढिलं पडत नाही, म्हणून पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या पंखांवर लिनन ताणून वर लेप देत. तैलचित्राचा कॅनव्हास लिननचा सर्वोत्तम मानतात, आणि त्यावरचा रंग ज्या तेलात घोटतात ते तेलही जवसाचंच. कापड आणि तेल एकाच झाडाचं. पुस्तकाची जुजबंदी आणि चामड्याची शिलाई लिननच्या दोऱ्याने करतात. अमेरिकेच्या डॉलरच्या नोटांच्या कागदात २५ टक्के लिनन आणि ७५ टक्के कापूस असतो. आणि टिकण्याचं म्हणाल तर इजिप्तमधल्या तारखान इथे सापडलेला एक शिवलेला, चुण्यांच्या बाह्यांचा लिननचा अंगरखा पाच हजार वर्षांहून जुना आहे. तो आज लंडनच्या पेट्री संग्रहालयात आहे. कोपरांजवळ आणि काखेत पडलेल्या वापराच्या सुरकुत्या त्यावर अजून दिसतात.

तुमच्या दोन खरेद्यांबद्दल. सुती चादर चांगली वाटत असेल तर बिनधास्त वापरा. पॉलिएस्टरच्या कापडाचा शर्ट शिवलात तर तो उकाड्यात लिननसारखा वागेल अशी अपेक्षा ठेवू नका. कापड अजून कापलं नसेल तर पिशव्या किंवा उशीची खोळ करा. आणि खरं लिनन आजमावायचं असेल तर एकदम शर्टापासून सुरुवात करू नका. अर्धा मीटर घ्या, कडा दुमडून दोन फडकी शिवा, रोज ग्लास पुसा, आठवड्याला धुवा, ओलसर असतानाच इस्त्री फिरवा. दोनेक महिन्यांनी तेच फडकं आणि नवा तुकडा शेजारी ठेवून दोन्हींवरून हात फिरवा. शर्ट शिवायचा की नाही ते तेव्हा ठरवा.